तुझी वीस मिनिटं घरच्यांकडे मागून घे

हे बघ, सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तुझी सकाळची प्रार्थना राहून जाते, बायबल आठ-आठ दिवस उघडलं जात नाही, ते तुझा विश्वास उणा पडला म्हणून नव्हे. मी ओळखते तुला. लग्नाआधी तरुण संघात तू शास्त्रपाठ घ्यायचीस, वचनं घडाघडा म्हणायचीस. ती मुलगी कुठे गेलेली नाही. फरक एवढाच झालाय की तेव्हा सकाळी तुझ्या हातात आयता चहा यायचा आणि आता सगळ्यांच्या हातात चहा तू देतेस.

पावणेसहाला नळाला पाणी येतं. पिंप भरेपर्यंत तुझी कणीक मळून होते. मग नवऱ्याचा डबा, लेकीच्या दोन वेण्या, तिची व्हॅन, सासऱ्यांची साखरेची गोळी, आणि धावतपळत स्वतःची बस. संध्याकाळी आलीस की पुन्हा ओट्यापाशी. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की प्रभूचं नाव घेतेस आणि दुसरा शब्द सुचायच्या आत डोळा लागतो. मग रविवारी उपदेशात ऐकायला मिळतं, दिवसाचा पहिला तास देवाला द्या. आणि तू मान खाली घालतेस. त्या खाली गेलेल्या मानेबद्दलच आज बोलायचंय मला.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रार्थनेला आणि शास्त्रवाचनाला वेळ कसा काढायचा हा तुझ्या एकटीचा प्रश्न नाहीच मुळी, तो तुमच्या घराचा प्रश्न आहे. तू मात्र तो एकटीनं सोडवायला बघतेस, आणि त्यासाठी तुझ्या हातात आहे काय, तर झोप. म्हणून दर वेळी झोपेलाच कात्री लागते. चारचा गजर लावतेस, चार दिवस निभावतं, पाचव्या दिवशी अंग मोडून येतं, लेकीवर उगाच ओरडतेस आणि सगळं बंद पडतं. पुन्हा मनाला टोचणी. असं कितीदा झालं असेल, तूच आठव. वेळ घरच्यांकडे मागून घ्यावा लागतो गं. तोंडानं, स्पष्ट शब्दांत.

मागायला तुझ्या जिवावर येतं, ठाऊक आहे मला. घरातला पुरुष बायबल उघडून बसला तर मुलांना दामटून गप्प केलं जातं, टीव्हीचा आवाज कमी होतो. बाई बसली तर तिला मधेच हाक जाते, "अगं, हळदीचा डबा कुठे ठेवलास?" कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं खरं. आणि हे बदललं पाहिजे असं मी अगदी मनापासून सांगते, कारण या बाबतीत प्रभूनं स्वतः निवाडा दिलेला आहे.

लूकचा 10वा अध्याय काढ, शेवटची पाच वचनं. मार्थेनं येशूला घरी उतरवून घेतलंय आणि तिची बहीण मरीया त्याच्या चरणांशी बसून ऐकतेय. गुरूच्या चरणांशी बसणं ही त्या काळी शिष्याची जागा होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या 22व्या अध्यायात पौल आपल्या शिक्षणाबद्दल सांगतो तेव्हा गमलिएलाच्या चरणांशी शिकलो, असंच सांगतो. म्हणजे मरीया शिकायला बसली होती. तिला उठवा अशी मागणी आली, ती घरातूनच आली, आणि कारणही खोटं नव्हतं. पाहुणा दारात, पानं वाढायची होती. तरी प्रभूनं तिला उठवलं नाही. तिनं जे निवडलंय ते तिच्यापासून घेतलं जाणार नाही, असं त्यानं मार्थेला सांगितलं. हा उतारा बहुतेक वेळा मार्थेला बोल लावायला वापरतात, ते मला पटत नाही. हीच मार्था योहानाच्या 11व्या अध्यायात भाऊ कबरेत असताना येशूला सामोरी जाते आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, हा आपला विश्वास बोलून दाखवते. राबणाऱ्या बाईला त्यानं कधी कमी लेखलं नाही. पण शिकायला बसलेल्या बाईची जागा त्यानं राखली. मग तुझी जागा तुझ्या घरानं का राखू नये?

आणि आपण मराठी ख्रिस्ती बायकांनी तर हा हक्क सोडूच नये. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंच्या मागे केवढा पसारा होता! शेकडो विधवा, अनाथ मुली, दुष्काळातून आणलेली लेकरं, त्यांची आजारपणं, त्यांचं जेवणखाण. ते सगळं सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. कशासाठी, तर कमी शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचून समजावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते बायबल छापून झालं, आणि छापलं कोणी? मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकामुलींनी. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचं शिक्षण नव्हतं, घरीच नवऱ्याकडून लिहायवाचायला शिकल्या. 1919 साली त्यांचे यजमान टिळक गेले आणि त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. येशूचं चरित्र काव्यात मांडायचं म्हणजे त्यांनी शुभवर्तमानं किती घोटलेली असतील! त्यांच्या घरी माणसांचा राबता केवढा असायचा, हे त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही माहीत आहे.

तेव्हा मागायचं कसं, ते सांगते. भांडणाच्या सुरात नको आणि "तुम्हाला जमलं तर बघा" असं मुळमुळीतही नको. रविवारी चर्चहून आल्यावर, जेवणं होऊन सगळे निवांत असतील तेव्हा बोल. "सकाळी सहा वीस ते सहा चाळीस मी आतल्या खोलीत प्रार्थनेला बसणार. तेवढ्या वेळात दूध तापवायचं आणि लेकीला उठवायचं तुमच्याकडे." काम नाव घेऊन सोपव. नुसतं "मला मदत करा" म्हटलं की कोणालाच काही कळत नाही आणि चार दिवसांनी तूच पुन्हा ओट्यापाशी. सासूबाईंशी वेगळं बोल, आदरानं, आणि त्यांनाही विचार, "आई, तुम्हाला कोणती वेळ बरी पडेल?" कदाचित हे त्यांना उभ्या जन्मात कोणी विचारलेलं नसेल. त्या दुपारी बसतील तेव्हा दारावरची बेल तू बघ, फोन तू घे. असं एकमेकींचं राखलं तर घरात कुरबुर होत नाही, उलट सासूसुनांना बोलायला एक नवा विषय मिळतो.

पहाटच हवी, हा हट्ट मात्र धरू नकोस. पहाट चांगली, ज्यांना जमते त्यांनी जरूर उठावं. पण शास्त्रात तसा नियम नाही. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा. इसहाक संध्याकाळी रानात जाऊन ध्यान करायचा. निकदेम तर रात्रीच येशूकडे गेला आणि नव्या जन्माचं एवढं मोठं शिक्षण त्याला रात्रीच मिळालं. आपल्यात कितीतरी मुली नर्सिंगमध्ये आहेत. नाइट ड्यूटी सकाळी संपवून घरी येणाऱ्या पोरीनं पहाटेचा तास कुठून आणायचा? तिनं आंघोळ करून, दोन घास खाऊन, झोपण्याआधी बसावं. देव तिच्यासाठी तेव्हाही जागाच आहे.

जागा ठरव. खाटेवर पडल्या पडल्या नको, तिथे झोपच येते. गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची चालेल, देवळात बसल्यासारखं वातावरण असायची गरज नाही. बायबल, वही, पेन, चष्मा, सगळं एका कापडी पिशवीत घालून त्या खुर्चीला अडकवून ठेव, म्हणजे शोधाशोधीत पाच मिनिटं जायची नाहीत. लग्नात आहेर आलेलं चेनच्या कव्हरचं मोठं बायबल रविवारसाठी असू दे. रोजच्याला एक साधं घे, ज्यात पेन्सिलनं खुणा करताना हात कचरणार नाही.

आणि फोन दुसऱ्या खोलीत. फोनवर मराठी बायबल आहे, बसमध्ये कानाला लावून ऐकायला ते फार छान, मीही ऐकते. पण या वीस मिनिटांत नको. एक मेसेज दिसला की मन शाळेच्या ग्रुपवर गेलंच म्हणून समज. सकाळी व्हॉट्सॲपवर आलेलं फुलांच्या चित्रावरचं वचन पुढे पाठवणं म्हणजे शास्त्रवाचन नव्हे, हेही प्रेमानं सांगून ठेवते. यूट्यूबवरचे उपदेशही ऐक, पण तो दुसऱ्यानं केलेला अभ्यास असतो. तुला स्वतःला वचनासमोर बसायचंय.

आता वाचायचं काय? आपल्या बायबलची 66 पुस्तकं, 1189 अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पुरं होतं, हा हिशेब आपण लहानपणापासून ऐकलाय. नवीन वर्षाला सगळी मंडळी उत्साहानं उत्पत्तीपासून सुरू करते, निर्गमापर्यंत मजेत जाते आणि लेवीयमध्ये अडते. तुझी सवय मोडलेली असताना मी तुला हे सांगणार नाही. मार्कपासून सुरू कर. 16 अध्याय, सगळ्यांत छोटं शुभवर्तमान. रोज अख्खा अध्यायही नको. एक प्रसंग घे आणि तो दोनदा वाच, एकदा मनात, एकदा हलक्या आवाजात. आवाजात वाचलं की जे नजरेतून सुटतं ते कानाला सापडतं. मग स्वतःला विचार, इथे प्रभू काय करतोय, लोक काय करताहेत, आणि आज माझ्या घरात याचा काय संबंध. जोडीला एक स्तोत्र. 150 स्तोत्रं आहेत, पाच महिने पुरतील.

एक प्रसंग तुझ्याबरोबर वाचून दाखवते, म्हणजे कळेल मी काय म्हणते ते. मार्कच्या पहिल्या अध्यायात, 35व्या वचनात, येशू अजून अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो. पहाटे उठायचा उपदेश करताना नेहमी हेच वचन घेतात. पण तू त्याच्या मागची वचनं वाच. आदला दिवस शब्बाथाचा, गाव कफर्णहूम. सभास्थानात शिक्षण, तिथेच एका अशुद्ध आत्मा लागलेल्या माणसाची सुटका. तिथून शिमोनाच्या घरी, तर त्याची सासू तापानं पडलेली. तिला हात धरून उठवलं. सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी लोटलं, दुखणेकरी घेऊन. किती उशिरापर्यंत चाललं असेल कोण जाणे. असा दिवस काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी अंधारातच उठतो. बरं, उठून गेला तर तिथेही शांतता कुठे? शिमोन आणि बाकीचे शोधत शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधताहेत. अगदी तुला हाक येते तशीच ही हाक आहे. आणि आता त्याचं उत्तर बघ. तो गर्दीकडे परत जात नाही. आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचाय, त्यासाठीच मी आलोय, असं सांगतो.

मला या उत्तरानं फार शिकवलं. आपल्याला वाटतं, प्रार्थना केली की अंगात बळ येईल आणि सगळ्यांची सगळी कामं आपण हसत करू. इथे तर प्रार्थनेहून उठलेला येशू एका मोठ्या, चांगल्या मागणीला नाही म्हणतोय. कशासाठी आलोय ते त्याला बापाजवळ बसून पक्कं ठाऊक झालेलं आहे. तुझ्या दिवसातही अशी चार कामं असतील जी तू फक्त कोणी नाराज होऊ नये म्हणून करतेस. ती कोणती, ते त्या खुर्चीत बसल्यावर दिसायला लागेल. मी काढलेला हा अर्थ तू वहीत उतरवून घेऊ नकोस, स्वतः वाच. तुला दुसरंच काही दिसेल. कदाचित सासू उठून लगेच पाहुण्यांची सेवा करायला लागली, तिथेच तू थांबशील.

प्रार्थनेचं म्हणशील, तर शब्द सुचत नाहीत त्या दिवशी प्रभूची प्रार्थनाच घे, पण चर्चमध्ये म्हणतो त्या वेगानं नको. एकेका मागणीला थांब. तिच्यात आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा येते, मग आपली भाकरी, आपली क्षमा, आपली परीक्षा. आपण बहुधा भाकरीपासूनच सुरू करतो. ते तो ऐकत नाही असं नाही, पण आधी त्याच्याकडे बघून घेतलं की भाकरीची काळजी जरा जागेवर बसते. एक शंभर पानी वही कर. डाव्या पानावर तारीख घालून विनंती लिही, अगदी रोजच्या भाषेत, "वहिनीचा रिपोर्ट", "दादाच्या नोकरीचं", "वरच्या मजल्यावरच्या काकूंशी अबोला". उजवं पान कोरं सोड. उत्तर मिळालं की तिथे तारीख टाक. काही पानं वर्षानुवर्षं कोरी राहतील. ती फाडू नकोस, त्यांच्यासाठी मागत राहा.

वीस मिनिटांखेरीज दिवसभर प्रार्थना नाही, असं थोडंच आहे? नहेम्या राजासमोर उभा, राजा काय हवंय म्हणून विचारतोय, आणि उत्तर द्यायच्या आधी नहेम्या तिथल्या तिथे स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो. कुठे गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत. साहेबांच्या केबिनबाहेर, लेकीचा ताप मोजताना, बसच्या दांडीला लटकून असताना अशी प्रार्थना करता येते. पण नहेम्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आधी वाच. त्या एका क्षणाच्या मागे उपवासाचे आणि रडून केलेल्या प्रार्थनेचे कितीतरी दिवस आहेत. म्हणून "मी दिवसभर मनात बोलतेच की देवाशी" एवढ्यावर भागवू नकोस.

हं, आणि तुझ्या त्या मैत्रिणीला हे सांग, जिचं बाळ अजून दोन महिन्यांचं आहे. तिला यातलं काहीही लागू नाही. एलीया थकून झुडपाखाली पडला आणि आता मरण दे म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताकडून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. त्याच्याशी बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. बाळंतिणीनं झोपावं. तिच्या उशाशी बसून कोणीतरी एक स्तोत्र वाचावं, ते काम मंडळीतल्या आपण बायकांचं आहे.

कधी कधी वेळ मिळेल, जागा मिळेल आणि मन मात्र कोरडं ठाक. घाबरू नकोस. 88वं स्तोत्र वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी कुठे आनंदाचं वचन जोडलेलं नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. हन्ना मंदिरात रडत होती, नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. देवाला तसं वाटलं नाही. तुझी तक्रार, तुझा राग, सासरच्या माणसांबद्दल जे कोणालाच सांगता येत नाही तेही, तिथे बोल. गोड बोलायची सक्ती तिथे नाही.

घरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना पुन्हा सुरू करता आली तर बघ. वसईकडे आपल्या कॅथलिक मैत्रिणींच्या घरी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची रीत आहे. आपल्याकडेही जेवणाआधी 'उपासना-संगीता'तलं एक गीत, एक उतारा, एक छोटी प्रार्थना असायची. दहा मिनिटं पुरतात. लेकीला वाचायला दे, अडखळली तर अडखळू दे. पण त्यानं तुझी सकाळची वीस मिनिटं भागली, असं कोणाला म्हणू देऊ नकोस.

आणि हे पान तुझ्या नवऱ्याच्या हाती पडलं तर बरंच होईल, कारण त्यांनाही माझी एक विनंती आहे. दादा, ती दिवसभर तुमच्या सगळ्यांच्या हाकेला ओ देते. उद्या सकाळी दुधाखालचा गॅस तुम्ही बंद करा, लेकीला तुम्ही उठवा आणि ती वीस मिनिटं तिला हाक मारू नका.